दिसतंय कोण, गातंय कोण?

‘ज्युबिली’चे दहा भाग संपले की आता काय पाहायचं, हा प्रश्न पडतोच. २०२३ साली आलेली विक्रमादित्य मोटवाने यांची ही मालिका फाळणीच्या आगेमागे, मुंबईतल्या ‘रॉय टॉकीज’ या काल्पनिक स्टुडिओत घडते. अमित त्रिवेदींच्या चाली आणि कौसर मुनीर यांचे शब्द ऐकताना गाणी जुन्या तबकड्यांवरूनच उचलली असावीत असं वाटतं. तशीच दुसरी मालिका शोधत बसण्यापेक्षा या गाण्याचं कूळ शोधत मागे जावं. वाटेत प्रत्येक मुक्कामी एकच विचारायचं: दिसतंय कोण आणि गातंय कोण?

रॉय टॉकीजवर बॉम्बे टॉकीजची छाया आहे, हे लपत नाही. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली काढलेल्या या कंपनीचा स्टुडिओ मालाडला होता. म्हणून पहिला मुक्काम याच कंपनीचा ‘महल’, १९४९ सालचा. पडद्यावर मधुबाला, आवाज लता मंगेशकरांचा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. तबकडीवर मात्र गायिकेचं नाव छापलेलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! तेव्हाची रीतच तशी होती. गाणं गाजलं आणि ही गाते कोण, अशी श्रोते रेडिओकडे चौकशी करू लागले. चेहऱ्यामागच्या गळ्याला स्वतःचं नाव मिळण्याची सुरुवात इथून धरायला हरकत नाही.

तेरा वर्षं मागे गेलं की ‘अछूत कन्या’ (१९३६). इथे अशोक कुमार आणि देविका राणी स्वतःच गातात. मालिकेत स्टुडिओतला नोकर नायक होतो. अशोक कुमारही मुळात याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत कामाला होते. अशोक कुमार आणि देविका राणी दोघेही तालमीतले गवई नव्हते, त्यामुळे संगीतकार सरस्वतीदेवींनी चाली सोप्या, गळ्याला पेलतील अशा बांधल्या. या सरस्वतीदेवी म्हणजे खोर्शेद होमजी. पारशी घरातल्या मुली सिनेमात काम करतात म्हणून समाजातून गदारोळ झाला आणि दोघी बहिणींनी नावं बदलली. धाकटी झाली चंद्रप्रभा. ‘जवानी की हवा’च्या (१९३५) वेळी चंद्रप्रभेचा घसा बसला, तेव्हा सरस्वतीदेवी गायल्या आणि बहिणीने नुसते ओठ हलवले, असं सांगतात.

त्याच वर्षी कोलकात्यात न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये नितीन बोस, संगीतकार रायचंद बोराल आणि ध्वनिमुद्रक मुकुल बोस यांनी हीच गोष्ट ठरवून केली: गाणं आधी मुद्रित करायचं, चित्रण नंतर. तोवर चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. वादक झाडाआड नाही तर चौकटीबाहेर दडून वाजवत आणि ज्याला गाता येत नाही त्याला बोलपटात जागा मिळणं कठीण असे.

‘प्रभात’ फिल्म कंपनीला मात्र गाणाऱ्या नटांची वाण नव्हती. ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, गायले आणि संगीतही त्यांचंच. ‘संत तुकाराम’मधले (१९३६) विष्णुपंत पागनीस एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. त्या चित्रपटातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिलेला आहे, पण तो तुकोबांचाच म्हणून घरोघरी म्हटला गेला. या वाटेवरचा एकच चित्रपट निवडायचा तर मी ‘कुंकू’ (१९३७) निवडेन. शांता आपटे स्वतः गातात आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताला फाटा दिलेला आहे. जे ऐकू येतं ते दृश्यातलंच. काळ उभा करण्यासाठी वाद्यवृंदाचा मारा करणाऱ्या आजच्या मालिकांनंतर हा संयम फार जाणवतो.

टेंबे, पागनीस आले संगीत रंगभूमीवरून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि पदं पात्रांच्या तोंडी आली. पुढे भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व यांच्या गळ्यावर प्रेक्षक रात्री जागवू लागले. बालगंधर्वांना व्ही. शांताराम यांनी १९३५ च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ केलं, पण नाट्यगृहातला ‘वन्स मोअर’ फिल्मच्या रिळाला कुठून देता येणार?

‘शाकुंतला’च्याही मागे १८४३ साल आहे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणे आणि पात्रं त्यावर अभिनय करत. म्हणजे एकाने गायचं आणि दुसऱ्याने दिसायचं, ही रीत आपल्याकडे यंत्राच्या आधीची. किर्लोस्करांनी गळा आणि चेहरा एकत्र आणले. १९३५ च्या यंत्राने त्यांची पुन्हा फारकत केली. फरक इतकाच, की भाव्यांचा सूत्रधार सगळ्यांना दिसायचा.

त्या काळचे प्रयोग आता पाहता येत नाहीत, पण संगीत रंगभूमीवरचे चित्रपट आहेत. ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) चेहरा सुबोध भावेंचा, गळा आनंद भाटेंचा. ‘कट्यार काळजात घुसली’त (२०१५) पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गातात, तर सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना आवाज राहुल देशपांडेंचा. १९६७ च्या मूळ नाटकात हेच खाँसाहेब राहुलचे आजोबा वसंतराव देशपांडे यांनी गाऊन साकारले होते. शेवटी ‘मी वसंतराव’ (२०२२) पाहावा. त्यात आजोबांच्या भूमिकेत राहुल स्वतः उभे राहतात आणि गातातही स्वतःच. त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा: स्वतःच्याच चेहऱ्याला आवाज दिल्याबद्दल.