पेन्सिलीची नोंद आणि संगणकाचा पडदा

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात कापूस पिकवणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचे वडील वारले, तर पीककर्जासाठी बँकेत जाण्याआधी त्याला एक काम करावे लागते. ते म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावे लावून घेणे. हे काम आज संगणकावर होते. अशा कामासाठी संगणकाचा पडदा कसा आखावा, हा संगणकशास्त्राचा विषय समजला जातो. परंतु सातबाऱ्याच्या बाबतीत ही आखणी संगणक येण्याच्या कितीतरी आधी कागदावर झाली होती. तो इतिहास आपण पाहू.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीवरील हक्कांची नोंद ठेवणे सुरू झाले. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि शिंदखेडा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात, गेला. गावचे हिशेब कसे ठेवावेत, याची नियमपुस्तिका अँडरसन या मुलकी अधिकाऱ्याने तयार केली. तिच्यातून गाव नमुने रूढ झाले. आम्हा विज्ञानाच्या मंडळींना ‘नमुना’ म्हटले की तपासणीचे द्रव्य आठवते. महसुलात मात्र नमुना म्हणजे आखीव तक्ता. नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. नमुना सातमध्ये जमिनीवरचे हक्क आणि नमुना बारामध्ये पिके. शेवटचे दोन एका कागदावर आले, म्हणून ‘सातबारा’.

या तक्त्यांत केवळ माहिती नाही, कामाचा क्रमही आहे. वारसाने खबर दिली की तलाठी ती नमुना सहामध्ये लिहितो. चावडीवर नोटीस लागते आणि संबंधितांना कळवले जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. तोपर्यंत सातबाऱ्यावर नोंदीची खूण पेन्सिलीने केलेली असे, प्रमाणित झाल्यावरच शाई चढे. ज्याचा हक्क संपला, त्याच्या नावाला कंस होई, नाव पुसले जात नसे. पेन्सिल, शाई आणि कंस या तीन साध्या साधनांनी ‘प्रलंबित’, ‘मंजूर’ आणि ‘रद्द’ या तीन अवस्था वाचणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळत.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा त्यांपैकी एक होता. पुढे राज्यभर उतारे संगणकात आले. पण तलाठ्याच्या दप्तरातला हस्तलिखित सातबाराही चालूच राहिला. फेरफार दप्तरात होई आणि संगणकात तो मागाहून चढवावा लागे. त्यामुळे दोन्हींत तफावत पडू लागली. क्षेत्राचा एक आकडा किंवा नावातले एक अक्षर चुकले, तरी शेतकऱ्याला हेलपाटे पडतात. कागदाचे चित्र संगणकात गेले होते, कामाचा क्रम मात्र बाहेरच राहिला होता.

ई-फेरफार प्रणालीने हा क्रमच पडद्यावर आणला. सातबाऱ्यातला बदल आता फेरफाराच्या वाटेनेच होतो. तलाठ्याचे काम वेगळे आणि मंडळ अधिकाऱ्याचे वेगळे. पेन्सिलही पूर्ण गेली नाही. आजच्या सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते, ती त्या पेन्सिलीचीच वारस. कमी केलेल्या नावांवर कंसासोबत आडवी रेघही येऊ लागली.

पण क्रम पडद्यावर आला म्हणून आधीच्या चुका आपोआप सुधारत नाहीत. त्यासाठी २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातले सातबारे गावात वाचून दाखवायचे आणि चुका खातेदारांनी सांगायच्या, अशी ती पद्धत. जगात इतरत्रही हाच धडा मिळालेला आहे. स्कँडिनेव्हियात १९८१ साली ‘यूटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वृत्तपत्रांची पाने जुळवणाऱ्या कामगारांना सोबत घेऊन संशोधकांनी संगणकाची लाकडी आणि कागदी प्रतिरूपे बनवली, आणि यंत्र तयार होण्याआधीच कामगारांनी त्यांवर काम करून पाहिले. जो रोज काम करतो, त्याला अडचण कुठे येईल ते आधी दिसते.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. शाळा सोडल्याचा दाखला घ्या. अर्ज कोण देतो, रजिस्टर कोण पाहतो, सही कोणाची, आणि जन्मतारीख चुकलेली आढळली तर काय, हे विद्यार्थ्यांनी शाळेच्या लिपिकांना विचारावे. मग कोऱ्या कागदावर पडदा आखून तो लिपिकांनाच दाखवावा. त्यांनी ‘इथे माझे काम अडेल’ म्हणून जिथे बोट ठेवले, तिथून खरी आखणी सुरू होते.