वांद्र्याचा बाहेरचा जिना

वांद्र्याच्या रणवार गावठाणात काही जुनी घरे अद्याप उभी आहेत. त्यांच्याकडे पाहताना ओसरीच्या आणि कौलांच्याही आधी आमचे लक्ष जाते ते बाहेरून वर चढणाऱ्या लाकडी जिन्याकडे. घरातल्यांची सोय न मोडता वरच्या मजल्यावर जाता यावे म्हणून तो बाहेर काढलेला. वर पुष्कळदा भाडेकरू राहत असे. वांद्र्यात बेताच्या मिळकतीच्या माणसाला घर कसे मिळत गेले आणि पुढे कसे मिळेनासे झाले, हे त्या जिन्यावरून सांगता येते.

१८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, १८६७ मध्ये उपनगरी आगगाडी सुरू झाली. १८९६ च्या प्लेगने माणसे शहराबाहेर पडू लागली. साथ वांद्र्यालाही चुकली नाही. गल्ल्यांतील क्रूस तिची साक्ष देतात. ईस्ट इंडियन कुटुंबांच्या शेतांशेजारी गोव्याची, मंगळूरची नोकरदार मंडळी येऊन राहिली. घरमालकाला चार पैसे आणि आलेल्याला छप्पर, असा तो साधा व्यवहार होता.

दुसरा मार्ग सहकाराचा. १९१५ साली गावदेवीत सारस्वतांची गृहनिर्माण संस्था निघाली आणि तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, वांद्र्यात सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी. एकट्या कारकुनाला जे झेपले नसते ते अनेकांनी मिळून साधायचे, एवढाच त्यामागचा विचार. आज कोट्यवधींचे भाव सांगितले जातात त्या परिसराचा आरंभ असा होता, हे आमच्या तरुणांना खरे वाटत नाही.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. महायुद्धाची टंचाई आणि फाळणीचे निर्वासित पाहता तो त्या घडीला न्याय्यच होता. त्याने कित्येक विधवांचे छप्पर राखले. परंतु तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक टिकला. भाड्यात कौल बदलणेही परवडेना. वरकड रक्कम पागडी म्हणून हातोहात फिरू लागली, आणि पागडी नसलेल्याला खोली मिळेना. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले, तेव्हा मालकांची उरलीसुरली हिंमत गेली. वरचा मजला त्यांनी कुलूप लावून ठेवला. भाड्यासाठी कोणी बांधेना; जो तो विकण्यासाठी बांधू लागला. १९६३ च्या कायद्याने ओनरशिप फ्लॅटच्या विक्रीला चौकट दिली होतीच. १९९१ च्या नियमांनी शहरातील बांधकामाचे हक्क उपनगरात वापरण्याची वाट खुली केली आणि बंगल्यांच्या जागी इमारती चढल्या.

बिल्डरला दोष देणे सोपे आहे. आम्हीही प्रवचनांतून तो दिला आहे. पण सह्या कोणाच्या होत्या? भावाभावांत वाटणी जमेना म्हणून बंगला विकला गेल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीलाही मान्यता दिली. तोवर उशीर झाला होता. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. ती सारी भीतीपोटी रिकामी होती असे नव्हे. काही केवळ भाव वाढण्याची वाट पाहत होती.

लग्नाची नोंद करायला आलेल्या जोडप्याला आम्ही नवा पत्ता विचारतो. मीरा रोड, नालासोपारा, वसई, असे उत्तर येते. मग आमच्या वसईतल्या वाड्यांचेही भाव चढतात आणि तिथला शेतकऱ्याचा मुलगा विरारच्या पलीकडे जागा पाहू लागतो. जी मुले वांद्र्यातच राहतात, ती अकरा महिन्यांच्या करारावर. परवा अशाच एकाने पत्त्याची जागा कोरी ठेवली. म्हणाला, “फादर, पुढच्या महिन्यात कळवतो.” त्याच्या आजोबांच्या घराला बाहेरून जिना होता.