पटकी, पेज आणि चिमूटभर मीठ

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, कारण आजचा विषय आहे जुलाब. जुलाबाच्या पेशंटची शुश्रूषा नेमकी कशी करायची, हे कळायला दीडशे वर्षं का लागली, त्याची ही गोष्ट.

आपल्या पेण-रोह्याकडची जुनी माणसं कॉलऱ्याला पटकी म्हणतात. माझी रोह्याची आजी म्हणायची, "पटकीनं सकाळी धरलेला दिवेलागणीला नसायचा." यात अतिशयोक्ती नाही. जोरदार कॉलऱ्यात अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे.

1817 साली बंगालमधल्या जेसोरकडून मोठी साथ पसरली आणि 1818 मध्ये मुंबई इलाख्यात पोचली. कोकणात जरीमरीला नवस बोलले जायचे. साहेबाचे डॉक्टर तरी काय करत होते? शिरेतून रक्त काढायचे, पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचे आणि त्यातले बरेचजण पेशंटला पाणीच तोडायचे. वरून ओतलं तर खालून जाणारच, हा हिशोब. इनपुट बंद केलं की आउटपुट बंद. मी कोड लिहिणारा माणूस, मलाही पहिल्यांदा हे लॉजिक पटलं असतं. पण पटकीत बाहेर पडणारं पाणी शरीराच्या साठ्यातलं असतं. ते तोंड बंद केल्यानं थांबत नाही.

हे सिद्ध केलं कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी, 1959 साली, सशाच्या आतड्यावर प्रयोग करून. जंतूचं विष आतड्यात पाणी ओढून आणतं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं सांगितलं, की आतड्याच्या भिंतीत एक जोडीचा दरवाजा असतो. साखर आणि मीठ एकत्र आले तरच तो उघडतो, आणि त्यांच्यामागून पाणी आत शिरतं. हा दरवाजा पटकीतही चालू राहतो! 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पेशंटना असं पाणी पाजून दाखवलं. तिथली खाट बघण्यासारखी असते: मधोमध भोक, खाली खुणा केलेली बादली. जेवढं गेलं तेवढं मोजायचं आणि तेवढं परत पाजायचं. नर्सिंगचं अख्खं शास्त्र त्या बादलीत आहे.

तरी मोठे डॉक्टर म्हणत होते, हे ट्रेन्ड माणसांचं काम. मग आलं 1971. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले आणि सरहद्दीवरच्या बनगावला कॉलरा फुटला. डॉ. दिलीप महालनाबिस तिथे पोचले, तेव्हा पेशंट मैल्यात आणि ओकाऱ्यांत जमिनीवर पडलेले होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण करून पिंपं भरली आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून नाव सांगितलं, 'तोंडी सलाईन'. छावणीतले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. ही नर्सिंग आयांनी, बहिणींनी, नवऱ्यांनी केली होती.

आता आपल्याकडे बघा. पेणच्या खाडीकाठी मिठागरं, खारेपाटात भात. आजारी माणसाला मीठ घातलेली पेज द्यायची रीत तर जुनीच. पुढे ढाक्यातच दिसलं, की ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ घातलं तर कॉलऱ्यात जुलाब आणखी कमी होतात, कारण पिष्ठाची आतड्यात हळूहळू साखर होते. आपल्या पेजेत मिठाचं माप नव्हतं, त्यामुळे तिला ओआरएस म्हणता येणार नाही. पण सामान घरात होतं, आणि तहानेनं तडफडणाऱ्यासमोरून तांब्या उचलला जात होता, हे मला फार लागतं.

तांब्या उचलणारे आजही आहेत, आणि पहिल्या जुलाबाला "डॉक्टर, सलाईन लावा" म्हणणारेही. पोर सुस्त झालं, पाणी पोटात ठरेना, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं तर दवाखाना गाठायचाच. एरवी ओआरएसचं पाकीट पुरे. त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला आणि चमच्याचमच्यानं पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा. आईचं दूध, मऊ भात, काही तोडू नका.

महालनाबिस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते 2023 साली, मरणोत्तर.