साथरोग अधिनियम (१८९७) व चापेकर बंधू

चापेकर बंधू : भारतीय क्रांतिकारक. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे चिंचवड (जि. पुणे) येथील कीर्तनकार हरिपंत चापेकर यांचे पुत्र. जनतेचे मत न घेता लादलेला कायदा व त्याची जाचक अंमलबजावणी यांतून सशस्त्र प्रतिकार कसा उद्‌भवला, याचे त्यांचे चरित्र हे ठळक उदाहरण होय.

१८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेली प्लेगची साथ लवकरच पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी शासनाने साथरोग अधिनियम संमत केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने झडती व विलगीकरणाचे व्यापक अधिकार दिले; शिवाय त्यान्वये सद्‌भावनेने केलेल्या कृत्यांविरुद्ध दावा लावण्यास मनाई केली. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीस गोरे सैनिक नेमले. देवघर व माजघरातील त्यांच्या प्रवेशाने लोक संतप्त झाले. तक्रारींना पुरेशी दाद मिळाली नाही. चापेकरांच्या मनात परसत्तेविषयीचा द्वेष व धर्माभिमान आधीपासूनच होता. त्यास यामुळे निश्चित लक्ष्य मिळाले.

२२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ, तर रँड ३ जुलैला मरण पावले. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांवर लादण्यात आला. दामोदर यांस १८९८ मध्ये, तर अन्य दोघा बंधूंस व त्यांचे सहकारी महादेव रानडे यांस १८९९ मध्ये फाशी झाली.