टॅपेट वाजत नाही तेव्हा

मुंबईच्या जुन्या मेकॅनिक मंडळींबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बॉनेट उघडायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानावर टेकवायची, कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचे आणि चालू इंजिनावरच स्क्रू पिळून आवाज बंद करायचा. गोष्ट खोटी नाही. पण या धंद्याचा इतिहास म्हणून ती अपुरी आहे, आणि थोडी फसवीही. टॅपेट सेटिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट मापात लावण्याचा, धंदा कानावर उभा नव्हता. तो फट मोजायच्या फिलर गेजच्या पातळ पोलादी पातीवर उभा होता. कान सांगायचा तो फक्त अर्धा दोष, आणि तोही कमी घातक असलेला अर्धा.

धंद्याची सुरुवात शोधायची तर फियाटच्या कुर्ल्याच्या आधी शिवडीला जावे लागते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये तिथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेत शेवरलेचे नवे सहा सिलिंडरचे इंजिन आले. त्यात व्हॉल्व्ह डोक्यावर होते आणि ते दाबायला रॉकर होते. त्याच काळातल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये मात्र व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये बसवलेले होते आणि त्यांच्या टॅपेटला फिरवायला स्क्रूच नव्हता. फट कमी झाली तर व्हॉल्व्ह काढून त्याची दांडी घासायची, जास्त झाली तर नवा व्हॉल्व्ह. म्हणजे फोर्डची टकटक हे लेथवाल्याचे काम होते आणि शेवरलेची टकटक एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पाती एवढ्या सामानाची. रस्त्याच्या कडेला बसून करता येईल असा धंदा या फरकातून जन्माला आला. कारागिराच्या हाताइतकेच श्रेय इथे रॉकरच्या टोकावरच्या त्या लहानशा स्क्रूला आणि त्याच्या लॉक नटला द्यायला हवे.

पुढे धंदा फोफावला तो टंचाईमुळे. परदेशी कंपन्या 1950 च्या दशकात निघून गेल्या आणि बाजारात मुख्यतः दोनच गाड्या उरल्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट, आणि उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर. फियाटचे 1089 सीसीचे इंजिन ‘1100’, ‘डिलाइट’, ‘प्रेसिडेंट’ आणि ‘पद्मिनी’ अशी नावे बदलत थेट शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. अॅम्बेसेडरला 1959 पासून ब्रिटिश बनावटीचे 1489 सीसीचे इंजिन होते. दोन्हींत पुशरॉड, दोन्हींत रॉकर, दोन्हींत तोच स्क्रू. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, म्हणून असलेली गाडी दोन-तीन दशके वापरायची आणि इंजिन पुन्हा पुन्हा उघडायचे. एकाच इंजिनावर आयुष्य काढलेला मेकॅनिक ही लायसन्स राजची निर्मिती आहे, हे त्याच्या कौतुकाच्या भरात आपण विसरतो.

अॅम्बेसेडरचे टॅपेट लावणे जवळून पाहिले तर काम कशावर चाले ते कळते. आठ व्हॉल्व्ह, आणि मेकॅनिकच्या डोक्यात नऊची बेरीज. आठव्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा पहिल्याचे टॅपेट लावायचे, सातवा दाबला असेल तेव्हा दुसऱ्याचे, असे करत शेवटपर्यंत. कॅमशाफ्टची रचनाच अशी की त्या क्षणी जोडीदार व्हॉल्व्ह नक्की बंद असतो. फट 15 थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले 15 भाग, सुमारे 0.38 मिलिमीटर. पाती आत सरकली पाहिजे, पण ओढताना किंचित अडली पाहिजे. मग स्क्रू धरून ठेवायचा आणि लॉक नट आवळायचा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून पाती पुन्हा घालून बघायची. घाईचा मेकॅनिक आणि चांगला मेकॅनिक यांच्यातला फरक या दुसऱ्यांदा घातलेल्या पातीत असे. यात कानाचा संबंध कुठेच नाही. इंजिन बंदच असते.

आता कानाची बाजू. ती निकामी होती असे नाही. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरते, त्यामुळे आयडलिंगला 800 फेरे असतील तर एक सैल टॅपेट मिनिटाला 400 वेळा वाजते. बेअरिंगचा ठोका जड आणि दुप्पट घाईचा. हा फरक तयार कान सहज पकडतो. पण कॅमशाफ्टवर चालणाऱ्या फियाटच्या पेट्रोल पंपाची टिकटिक टॅपेटच्याच लयीत चालते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग फुटली तर एका सिलिंडरची हवा त्याच लयीत फटफटते. इंजिन तापल्यावर धातू फुगून फट बुजली की आवाज गायब. अशा वेळी चांगला मेकॅनिक कानाला शंका घेऊ द्यायचा आणि निकाल पातीकडून मागायचा. टॅपेट कव्हर काढून, इंजिन चालू ठेवून, एकेका रॉकरखाली पाती सरकवायची. ज्या ठिकाणी आवाज थांबला तो गुन्हेगार. कुठेच थांबला नाही तर टॅपेटला हात लावायचा नाही.

कुणी म्हणेल, पातीही चुकते. बरोबर आहे. रॉकरचे टोक झिजून त्याला खळगा पडला की सरळ पाती खळग्याच्या दोन कडांवर टेकते आणि आतली खरी फट मोजलीच जात नाही. माप बरोबर येते, टकटक चालूच राहते. इथे कानाने पातीला खोटे पाडले, हे मान्य. पण त्यावरचा उपाय कानाने स्क्रू आवळणे हा नव्हे. रॉकर काढून घासणे किंवा बदलणे हा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चालू आणि गरम इंजिनावर टॅपेट लावायची पद्धत खुद्द शेवरलेचीच होती, मग मेकॅनिकचे काय चुकले? काहीच नाही, पाती हातात असेतोवर. शेवरलेने गरम इंजिनासाठीही थाऊमध्येच माप ठरवून दिले होते. आवाज जाईपर्यंत पिळा, असे सांगितले नव्हते.

कारण आवाज पूर्ण गेला याचा अर्थ फटही पूर्ण गेली, असा असू शकतो. व्हॉल्व्ह तापला की त्याची दांडी लांब होते. तिला जागा मिळावी म्हणून तर फट ठेवायची. ती नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर टेकूनच बाहेर जाते. टेकणे कमी झाले की कड जळते, कॉम्प्रेशन जाते आणि हेड उतरवावे लागते. सैल टॅपेट बरेच दिवस कटकट करत चालते, घट्ट टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह खाते. ग्राहकाला मात्र शांत इंजिन हवे असे, आणि गॅरेजमधून निघताना गाडी शांत असली की पैसे मिळत. आख्यायिकेतला तो कसबी कान पुष्कळदा ग्राहकाच्या या हौसेचा नोकर होता.

धंदा संपवला तो मारुतीने, असे सर्रास बोलले जाते. तेही तपासून घ्यावे. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनात पुशरॉड नव्हते, पण रॉकर होते आणि त्यावर तोच स्क्रू, तोच लॉक नट होता. बदलले ते हेड. ते अॅल्युमिनियमचे असल्याने लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि म्हणून या इंजिनाची फट तापल्यावर वाढते. सुझुकीने थंड आणि गरम अशी दोन वेगळी मापे दिली ती त्यासाठी. जुन्या अंदाजाने गरम इंजिनाची टकटक पिळून बंद करणारा हात इथे दुप्पट घातक ठरला. कान निरुपयोगी झाला, पाती नाही. धंदा खरोखर आटला तो पुढे, आपली फट आपणच तेलाच्या दाबाने सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट आणि मोजून बसवायच्या चकत्या सर्वसामान्य गाड्यांत आल्यावर. हायड्रॉलिक टॅपेट काही नवे नव्हते. 1930 च्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या इंजिनात ते होते.

त्याआधी इंधनाने एक वेगळाच पेच टाकला होता. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि पाठोपाठ मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. शिशाचा थर सीटला वंगणासारखा जपायचा, तो गेला. गॅस तर कोरडाच. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप मिटत जाते. दोष वाढतो तसा आवाज कमी होतो. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. पण खासगी फियाट, अॅम्बेसेडर आणि 800 अजून चालतात. तुमच्याकडे त्यातली एखादी असेल, ती गॅसवर चालत असेल आणि अलीकडे फारच शांत वाटायला लागली असेल, तर वाट पाहू नका. टॅपेट कव्हर खोलून पाती घालायला सांगा.