नासपती : झाड, फळ आणि संशोधन

नासपती : (हिं. नाशपाती, पं. नाख, कुल-रोझेसी, प्रजाती-पायरस). समशीतोष्ण प्रदेशांतील पानझडी वृक्ष व त्याचे फळ. सफरचंदाचा जवळचा आप्त. प्रजातीचे मूलस्थान पश्चिम चीनचा डोंगराळ भाग मानतात. तेथून पश्चिमेकडे पसरलेल्या पायरस कम्युनिस या जातीचे फळ मानेकडे निमुळते असून पिकल्यावर त्याचा गर लोण्यासारखा होतो. पूर्वेकडील पायरस पायरिफोलिया या जातीचे फळ गोल, करकरीत व पाणीदार असते. जपानीत त्याला ‘नाशी’ म्हणतात. पंजाबातील पत्थरनाख याच पूर्वेकडील गटातला. जगाच्या उत्पादनातील दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या चीनचा आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात हातगाडीवर दिसणारी नासपती व तिचाच एक प्रकार बाबूगोशा उत्तरेकडून येतात. नाव मात्र आपल्याकडे फार आधी पोचले, तेही दुसऱ्याच फळाला चिकटून : पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेल्या फळाला आपल्या ओळखीचे ‘पेरा’, म्हणजे नासपती, हे नाव दिले. त्यातून मराठीत ‘पेरू’ व गोव्यात ‘पेर’ हे शब्द आले.

नासपतीवरील बहुतेक संशोधन या झाडाच्या एका स्वभावापाशी येऊन थांबते : त्याला स्वतःचे पराग चालत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बी संकरित निघते व बियांपासून वाढलेले झाड सहसा आईवर जात नाही. आवडलेला वाण टिकवायचा तर कलमाशिवाय गत्यंतर नाही. बेल्जियममधील लूव्हाँ येथे झां-बाप्तिस्त व्हान मॉन्स (1765–1842) यांनी हजारो रोपे वाढवली. पिढ्यान्पिढ्या बी पेरत गेल्यास फळ सुधारत जाते, असे त्यांचे मत होते. ते चुकीचे ठरले, पण बागेतल्या मोकळ्या परागणाने त्यांना अनेक उत्तम वाण मिळवून दिले.

झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत, हे अमेरिकी कृषिखात्याचे मर्टन वेट यांनी दाखवले. बार्टलेट या एकाच वाणाच्या मोठ्या बागा फुलांनी लगडूनही फळ का धरत नाहीत, हा प्रश्न होता. वेट यांनी फुलांवर पिशव्या बांधून, निरनिराळे पराग हाताने लावून पाहिले आणि 1894 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : बागेत दुसऱ्या वाणाची झाडे हवीत व मधमाश्याही हव्यात. हजार कलमे म्हणजे अखेर एकच झाड, हे बागाईतदारांना तेव्हा उमगले. पुढे जैवरसायनशास्त्राने यंत्रणा उलगडली. किंजलातील आरएनेझ नावाचे विकर आपल्याच प्रकारच्या परागनलिकेत शिरून तिचे आरएनए तोडते व नलिका वाटेतच थांबते. चीनमधील सिच्वान प्रांतात हानयुआन येथे शेतकरी झाडांवर चढून पिसांच्या कुंच्यांनी एकेका फुलाला पराग लावतात, त्यामागे हे विकरही आहे.

जपानमधील ‘निजिस्सेइकी’ (विसावे शतक) या वाणाची कथा विशेष उद्बोधक आहे. त्याचे मूळ रोप 1888 मध्ये चिबा प्रांतातील मात्सुदो येथे एका तेरा वर्षांच्या मुलाला कचऱ्याच्या ढिगात सापडले. फळ अप्रतिम होते, पण काळ्या ठिपक्यांच्या रोगाला ते सहज बळी पडे. रोगाची बुरशी जे विष स्रवते ते याच वाणाला बाधते, इतरांना नाही, हे तानाका यांनी 1933 मध्ये दाखवले; यजमान निवडणाऱ्या वनस्पतिविषाचे हे पहिले उदाहरण. संकराने प्रतिकारशक्ती आणावी तर वाण हरवतो. म्हणून इबाराकी प्रांतातील किरणोत्सारी प्रजनन केंद्रात 1962 साली कोबाल्ट-60 च्या स्रोताभोवती ही झाडे लावून गॅमा किरणांखाली वाढवली. तब्बल 19 वर्षांनी, 1981 मध्ये, एका झाडाची एक फांदी निरोगी आढळली. तिच्या कलमांतून ‘गोल्ड निजिस्सेइकी’ तयार झाला. तोत्तोरी प्रांतात मूळ निजिस्सेइकीच्या आणखी एका उत्परिवर्ती फांदीत आरएनेझचे एक जनुकच गळाले आहे. ते झाड स्वतःच्या परागांनीही फळते.

फळ खाताना दाताखाली येणारी कचकच अश्मकोशिकांची असते. लिग्निनाने भिंती जाड झालेल्या या मृत पेशींचे झुबके गाभ्याभोवती अधिक असतात. पश्चिमी नासपती झाडावर पिकू दिली तर आतून बाहेर पिकते. साल कडक असतानाच गाभा तपकिरी व गिळगिळीत होतो. म्हणून ती कच्चीच उतरवतात. काही वाणांत पिकवणाऱ्या एथिलीन वायूची निर्मिती थंडी मिळाल्याशिवाय सुरूच होत नाही : आंजू या वाणाला सुमारे 60 दिवस शीतगृह लागते, बार्टलेटला त्याहून बरेच कमी. पिकलेली नासपती ओळखायची तर देठाजवळ अंगठा दाबावा. पोटाकडे मऊ लागली तर उशीर झाला असे समजावे.

अग्निकरपा हा या झाडाचा सर्वांत घातक रोग. फांद्या आगीत होरपळल्यासारख्या काळ्या पडतात. इलिनॉयमधील टॉमस बरिल यांनी 1880 च्या सुमारास त्याचे कारण जीवाणू असल्याचे दाखवले. वनस्पतींनाही जीवाणूंमुळे रोग होतात, हे प्रथम कळले ते नासपतीमुळे. तो जीवाणू मधमाश्या फुलोफुली नेतात, हेही वेट यांनीच शोधले. ज्यांना बागेत आणा म्हणून सांगितले, त्याच मधमाश्या.

रोगाला दाद न देणारा खुंट शोधण्यासाठी ओरेगनचे फ्रँक रायमर व कृषिखात्याचे वनस्पतिसंग्राहक फ्रँक मायर यांनी चीन पालथा घातला. मायर यांनी पाठवलेल्या बियांतून कॅलरी नासपती (पायरस कॅलेरियाना) अमेरिकेत वाढली. तिच्यातला एक देखणा, बिनकाटेरी वृक्ष ‘ब्रॅडफर्ड’ या नावाने 1963 मध्ये शोभेसाठी प्रसृत झाला व उपनगरांच्या रस्त्यारस्त्यांवर लागला. फुलांना कुजक्या मासळीसारखा वास आणि वादळात दुभंगणाऱ्या फांद्या, एवढेच काय ते दोष. सगळी झाडे एकाच झाडाची कलमे असल्याने फळ धरण्याची भीती नव्हती. पुढे फांद्या न मोडणारे नवे वाण रोपवाटिकांनी बाजारात आणले आणि परके पराग मिळताच ब्रॅडफर्ड फळू लागला. पक्ष्यांनी बी पसरवले. माळांवर काटेरी रानटी झाडांची दाटी झाली. ओहायो राज्याने 2023 पासून या जातीच्या विक्रीवर व लागवडीवर बंदी घातली.