शेजारच्या बाकावर कोण?

१९४० साली मद्रासच्या गिंडी इंजिनीअरिंग कॉलेजात शेकडो मुलांत एकच मुलगी होती, ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य आणि तेव्हा पदरात चार महिन्यांची लेक. वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी प्राचार्य चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि ललिताला प्रवेश मिळाला.

मला त्यांचं मोठेपण वाटतं ते पुढच्या गोष्टीत. हॉस्टेलवर लेक एकटी पडते हे पाहून त्यांनी कॉलेजाला जाहिरात द्यायला लावली, की इथे मुलींनाही प्रवेश मिळतो. वर्षभरात लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया सिव्हिलला आल्या. तिघी इंजिनीअर झाल्या. त्यांच्या इंग्रजी पदवीपत्रांवर छापलेलं 'ही' खोडून हातानं 'शी' लिहावं लागलं!

सोबतीला म्हणून आलेल्या थ्रेसियाबाई १९७१ साली केरळच्या बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

मुलीला प्रवेश मिळाला की आपलं काम संपलं, असं आम्ही शिक्षक आणि पालक समजतो. तिच्या शेजारच्या बाकावर कोण बसतं, हेही एकदा विचारावं.